गरम पिशवी आणि भिंतीवरचा देवमासा

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या दारामागे, खुंटीला उलटी टांगलेली, पोटावर रेघारेघा असलेली ती लाल रबरी पिशवी दिसतेय ना? तीच मी. गरम पाण्याची जुनी पिशवी. उलटी टांगलीय म्हणजे शिक्षा झालीय, असं समजू नका. पोटातलं पाणी नीट निथळावं म्हणून मला असंच ठेवतात.

माझा जन्म कारखान्यात झाला. रबर तापल्या साच्यात दाबलं, गळ्यात आटे बसवले आणि पोटात हवा भरून मला पाण्यात बुडवलं. एकही बुडबुडा वर आला नाही. मी पास! पुढे औषधांच्या दुकानातून या घरी आले. इथल्या आईने स्वतःच्या जुन्या स्वेटरची बाही कापून मला झबलं शिवलं. कातडी भाजू नये म्हणून हो, पण मला वाटलं माझं बारसंच झालं.

घरात चौघं. आई, बाबा, त्यांची चिमुरडी लेक, जिला सगळे मुंगी म्हणतात, आणि मुंगीचे आजोबा. आजोबांना सगळेच नाना म्हणतात. नानांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. शिडीवर चढून, हात डोक्याच्या वर धरून ते एवढाली अक्षरं काढत. थंडी पडली की सगळ्यांचंच काही ना काही कुरकुरायचं. बाबांची पाठ, आईची मान, नानांचा उजवा खांदा. मग माझ्यासाठी भांडणं! "काल तूच घेतली होतीस!" "अहो, तुमची पाठ कपाटाएवढी, पिशवी पुरते तरी का?" त्या दिवसांत मी या घरची राणी असायचे.

गेल्या थंडीत मुंगीला तिची खोली मिळाली. भिंत पांढरीशुभ्र. नाना म्हणाले, "इथे मी तुला देवमासा काढून देतो. डोक्यातून कारंजं उडवणारा. कारंजं पार छताला भिडलं पाहिजे!"

"कधी?" मुंगीने विचारलं.

"थंडी सरू दे. खांदा मोकळा झाला की लगेच."

रंगाचे डबे आले. थंडीही सरली. स्वेटर धुऊन पेटीत गेले, पंखे फिरू लागले. मला खरं तर आता खुंटीवर आराम करायचा होता. पण नानांच्या खांद्यावरून माझी सुटका होईना. एका दुपारी पेटी आवरता आवरता आईने सहज मला हात लावला आणि दचकलीच.

"नाना, पंखा चालू आहे आणि पिशवी गरम?"

"जरा ठणकतंय. थंडीचं दुखणं आहे गं, जाईल."

"थंडी केव्हाच गेली की! दुखणं तेवढं मागे राहिलंय."

आईचं लक्ष फार बारीक. कुणी शिंकलं तरी तिचा हात त्याच्या कपाळावर जातो. सगळे तिला चिडवतात. पण त्या दिवसापासून ती नानांकडे नीट बघू लागली. नाना डाव्या हाताने भांग पाडत होते. गळ्यातून घालायचे सदरे सोडून पुढे बटणांचेच शर्ट घालत होते. वरच्या फळीवरचा डबा मुंगीला स्टुलावर चढवून काढायला लावत होते. रात्री उजव्या कुशीवर वळले की कण्हत होते.

"उद्या डॉक्टरांकडे जायचं," आई म्हणाली.

"तुला तर पाल चुकचुकली तरी दवाखाना आठवतो!" नाना हसले. पण मुंगी कोऱ्या भिंतीसमोर बसून रंगाच्या डब्यावर बोटाने ठकठक करत होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "बरं. जाऊ."

डॉक्टरांनी तपासलं आणि फिजिओथेरपी करा म्हणून सांगितलं. मुंगी सोबत निघालीच, पण नाना मलाही कापडी थैलीत घालून तिकडे घेऊन गेले, साक्षीला! म्हणाले, "हिनेच मला आराम पडतो. बाकी काही नको."

फिजिओथेरपीवाली ताई हसरी होती. "आधी हात वर करा बघू."

नाना सगळे एका अंगाला कलंडले.

"आजोबा, मी हात म्हटलं. तुम्ही कंबर वर केलीत!"

नानांनाही हसू फुटलं. ताई समजावून म्हणाली, "थंडीत सांधे आखडतात, दुखतात. हवा बदलली की बरेचदा सैल होतात. पण हवा बदलून आठवडे गेले तरी हात वर जात नाही, झोप मोडते, रोजची कामं दुसऱ्या हातावर ढकलावी लागतात, तर नुसतं शेकत बसायचं नाही. खांदा आखडलाय तुमचा. महिने लागतील, पण सुटेल."

म्हणजे मी आता अडगळीत? तेवढ्यात ताईने मला उचललं. "हिला टाकू नका हं! व्यायामाआधी थोडा वेळ हिने शेका. खांदा सैल होईल. मग भिंतीपाशी उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची. मुंगीसारखी."

"माझ्यासारखी!" मुंगीने तिथेच उडी मारली.

मित्रांनो, मग रोज सकाळी आमची शाळा भरू लागली. आधी मी, मग मुंगीच्या खोलीतली ती कोरी भिंत. नानांची बोटं तुरुतुरु वर चढत आणि जिथे थांबत तिथे मुंगी निळ्या खडूने गोल काढी. सुरुवातीला गोल नानांच्या छातीपाशीच घुटमळत. "चढा, नाना! मुंगी रडत नाही!" असा हुकूम सुटे. कधी नाना रुसत, कधी आई ताईला फोन करून "एवढं दुखलं तर चालेल ना?" विचारी. पण गोल वर सरकत राहिले. हनुवटीपाशी, कपाळापाशी.

याच काळात बाबा मैदानावरून लंगडत आले. घोटा टम्म सुजलेला. "पिशवी आणा!" ते ओरडले. नाना दारात आडवे! "ताज्या सुजेवर शेक नाही. बर्फ आण गं, फडक्यात गुंडाळून. आणि पाय टेकवत नसेल तर डॉक्टर." आई बघतच राहिली. आता चिडवायची पाळी तिची होती.

पुन्हा स्वेटर निघाले तेव्हा नानांनी कुंचला उचलला. भिंतीवर हळूहळू देवमासा पोहू लागला. निळा, गुबगुबीत, किंचित नानांसारखा हसणारा. मुंगीचे खडूचे गोल मात्र त्यांनी पुसले नाहीत. त्यांनाच रंग भरला. ते झाले कारंज्याचे थेंब! सर्वांत वरचा थेंब नानांनी शिडीवर चढून, हात ताठ वर करून रंगवला. खाली आई शिडी घट्ट धरून उभी होती आणि "सावकाश, सावकाश" म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले होते. तो थेंब छताला भिडला होता.

त्या संध्याकाळी मी पुन्हा आईच्या मानेखाली होते. साधंच दुखणं, सकाळी गेलंसुद्धा.

तर मित्रांनो, माझ्यात उकळतं पाणी ओतू नका, झबल्याशिवाय मला अंगाला लावू नका. माझं रबर तडकलं तर हळहळत न बसता नवी पिशवी आणा. थंडीतल्या कुरकुरीला मी आहेच. पण एखादं दुखणं माझ्या उबेलाही दाद देत नसेल, तर मला खुंटीवर ठेवा आणि ते योग्य माणसाला दाखवा. मला मुळीच राग येणार नाही. या खुंटीवरून, मुंगीच्या खोलीचं दार उघडं असलं की, मला तो वरचा निळा थेंब दिसतो.