उत्तराला उठलेली बाई

निवडणूक हरल्याला अर्धं वर्ष होत आलं, तरी लिनेट कार्मोडी अजून पुरती जागी झाली नव्हती. म्हणजे ती सकाळी उठायची, टोस्टवर मार्माइट फासायची, वेलिंग्टनच्या वाऱ्याला शिव्या घालत संसदेत यायची. पण हे सगळं कुणी दुसरीच बाई करते आहे आणि आपण काचेपलीकडून बघतो आहोत, असं तिला वाटत राही. पाय तर उघड बंड करायचे. आत शिरलं की ते आपोआप मंत्र्यांच्या गोल इमारतीकडे वळायचे. दारावरचा पहारेकरी खाली बघत म्हणायचा, "मॅडम, तुमचं आता त्या बाजूला." तो ओशाळायचा, याचंच तिला जास्त वाईट वाटायचं.

दोन निवडणुकांमधून टिकून ती निसर्गसंवर्धन खात्याची मंत्री होती. आता त्याच खात्याची विरोधी पक्षाची प्रवक्ती. म्हणजे ज्या घरात कालपर्यंत आपणच केर काढला, त्याच्या खिडकीशी उभं राहून आतल्यांच्या केरसुणीला नावं ठेवायची. गाडी गेली, सचिव गेले, दारावरची मोठी पाटी गेली. उरलं ते एवढंच, प्रवक्तेपद. तेवढ्यात बाईचा सगळा जीव अडकला होता. लग्नबिग्न तिने केलं नव्हतं, आईवडील कधीच गेले होते. हेही गेलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हे तिला खरोखरच माहीत नव्हतं.

आणि तेच जायची वेळ आली होती. पक्षाचा नेता डंकन हॅलिडे याने तिला खोलीत बोलावलं. डंकन चहा विचारायचा, पण कधी द्यायचा नाही.

"लिन, पुढच्या आठवड्यात मी सगळ्यांची खाती नव्याने वाटतोय. तुझ्या जागेवर दोघंतिघं डोळा ठेवून बसलेत. मला एकदा तरी झणझणीत काहीतरी करून दाखव."

"कशावर?"

"मोटुवाई. हिवाळ्यात त्या बेटावर राहणारा रखवालदार काढायचं घाटतंय. मंत्रिमंडळात ठरलं नाही अजून, पण नव्या मंत्र्याच्या, कॅलमच्या हातात तो कागद आहे. सभागृहात त्याच्या तोंडून वदवून घे, की हो, काढतोय. मग बघ, आम्ही ढोल कसे वाजवतो ते."

"सभागृहात एकदा बोलला की तो मागे फिरणार नाही, डंकन. आज निदान डळमळतोय तरी."

"म्हणून तर लगेच! डळमळणाऱ्या माणसाची बातमी होत नाही. चहा घेणार?"

मोटुवाईवर ओई नावाचे समुद्रपक्षी हिवाळ्यात बिळांमध्ये अंडी घालतात. राखी तोंडाचे, बावळट, जमिनीवर धड चालताही न येणारे. एखाद्या होडीतून एक उंदीर उतरला तरी त्यांचा निर्वंश व्हायचा. म्हणून सगळा हिवाळा एरुएरा नावाचा म्हातारा आणि त्याची बायको तिथे राहून सापळे बघत फिरायचे. मंत्री असताना लिनेट एकदा तिथे गेली होती. दिवस मावळला आणि आकाशातून पक्षी कोसळायला लागले. झाडांच्या फांद्यांना धडकत, धपाधप पाल्यावर पडत, मग उठून आपापलं बीळ शोधत. एरुएरा म्हणाला होता, "बोलू नकोस, नुसती पडून राहा." ती पाल्यावर उताणी पडली होती आणि एक ओई तिच्या पोटावर येऊन आदळला होता, ऊबदार, भांबावलेला. पद गेल्यापासून तिला स्वप्नात तेच दिसायचं. पडणारे पक्षी, अंधार, आणि कुणीही काहीही विचारत नाही.

तिने एरुएराला फोन लावला. मागे वारा नुसता घोंगावत होता.

"प्रश्न टाकतेय मी, तुमच्या नोकरीचा."

"टाक की. पण जपून गं पोरी. त्या मंत्र्याच्या पोटात जे आहे ते ओठावर येऊ देऊ नकोस. एकदा सगळ्यांसमोर नाही म्हणाला की संपलं. पुरुषमाणूस आहे, वर मंत्री. दुहेरी हट्ट."

"मग विचारू काय?"

"ते तुझं काम. मला पक्ष्यांचं विचार."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने प्रश्न दिला तो अगदी साधा: या हिवाळ्यात मोटुवाईवर रखवालदार राहणार आहे का? खरा फास उत्तरानंतर विचारायच्या उपप्रश्नात होता, डंकनने स्वतः वळलेला. ती रात्रभर झोपली नव्हती. विचारलं तर पक्षी जातात, न विचारलं तर आपण जातो, एवढाच हिशेब होता आणि तो कुठूनही सुटत नव्हता.

दुपारी सभागृह भरलं. प्रार्थना झाली. वरच्या काचांमधून ऊन हिरव्या गालिच्यावर उतरलं होतं आणि जेवून आलेले सदस्य पेंगुळले होते. शेजारी पक्षाचा प्रतोद सेफा बसला होता, डोंगराएवढा सामोअन माणूस. खिशातून खोबऱ्याचा पाव काढून तो बाकाखाली तोडत होता.

"खातेस? चेहरा बघ तुझा. फाशी तुला आहे की कॅलमला?"

"गप रे."

"डंकन वळून वळून बघतोय. हस जरा."

तिचा क्रमांक आला. तिने उभं राहून प्रश्न वाचला. आवाज नीट निघाला. ती खाली बसली. समोरच्या बाकावर कॅलम ब्रेथवेट कागद सारखे करत होता. पोरगेलासा, कान लाल, मंत्री होऊन जुमाजुमा आठ दिवस झाल्यासारखा. तिला त्याची दया आली. ऊन डोळ्यांवर आलं. तिने डोळे मिटले, क्षणभरच, आणि पाल्यावर धप्प आवाज झाला. मग दुसरा. फांद्यांमधून कुणीतरी धडपडत खाली येत होतं.

"निसर्गसंवर्धन मंत्री," सभापतीबाईंचा आवाज आला.

दोन निवडणुका हीच हाक ऐकून जे पाय उठत आले होते ते उठले.

"सभापतीमहोदया," लिनेट म्हणाली. तिला अजूनही झाडं दिसत होती. "होय. रखवालदार राहील. या हिवाळ्यात राहील आणि पुढच्याही. तिथे रात्री माणूस असलाच पाहिजे, नाहीतर सकाळी पक्षी असणार नाहीत. त्याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती."

सेफाचा पाव चावण्याचा आवाज तेवढा तिला ऐकू आला. मग हसू फुटलं, आधी समोरून, मग मागून, मग स्वतःच्याच बाकांवरून. सेफाने तिचा कोट धरून खाली ओढलं. "बस, बाई, बस! सरकार पडलं तुझं, कळलं नाही वाटतं?" लाजेने तिचे कान पेटले. मेले तर बरं, असं तिला मनापासून वाटलं.

"सन्माननीय सदस्यांना मी आठवण करून देते," सभापती हसू दाबत म्हणाल्या, "की उत्तर द्यायचं काम आता दुसऱ्यांकडे आहे. मंत्रीमहोदय."

कॅलम उठला. त्याच्या हातातल्या कागदावर अधिकाऱ्यांनी लिहून दिलेलं उत्तर होतं आणि ते हे नव्हतं, हे त्या कागदाकडे बघण्याच्या त्याच्या तऱ्हेवरूनच तिला कळलं. असे कागद तिने किती वाचले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं. सगळे हसत होते, आणि त्या हशात सामील व्हायची त्या पोराला फार घाई झाली होती. पण नुसती घाईच नव्हती ती. रात्री त्यालाही झोप लागली नसावी. त्याने कागदाची घडी घातली.

"सभापतीमहोदया, आमच्या माजी मंत्री माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देतात, हे घरी आई मला रोज सांगते. त्यांनी दिलं तेच माझं उत्तर."

"म्हणजे 'होय' असं नोंदवायचं?" सभापतींनी विचारलं.

मागच्या रांगेतला त्याचा अधिकारी अर्धवट उठला होता.

"होय," कॅलम म्हणाला आणि पटकन बसला.

उपप्रश्न लिनेटने विचारलाच नाही.

संध्याकाळी डंकनने बोलावलं तेव्हा तो चहाचं विसरला होता.

"पार हसं केलंस आमचं. असो. थकवा होता, चुकून झालं, मी पत्रकारांना तसं सांगतो. आणि अजून काही बिघडलेलं नाही. त्याचे अधिकारी डोकं धरून बसलेत. उद्या एकच ओळ विचारायची: मंत्री कालच्या उत्तरावर ठाम आहेत का? अंगाशी आलंय, तो शब्द फिरवणार. मग आपण म्हणू, शब्द फिरवला. आजच्यापेक्षा दुप्पट मोठी बातमी. आणि तुझं पद तुझ्याकडे."

लिनेट त्याच्याकडे बघत राहिली. खिडकीबाहेर वारा झेंड्याची दोरी खांबावर आपटत होता आणि तो आवाज तिला लख्ख ऐकू येत होता. टेबलावरची धूळ दिसत होती, डंकनच्या भुवईतला पांढरा केस दिसत होता. अर्ध्या वर्षात इतकं स्वच्छ तिला काही दिसलं नव्हतं.

"नाही विचारणार," ती म्हणाली.

"लिन, चुकून झालं ना ते?"

"दुपारी चुकून झालं. आता विचार करून सांगतेय."

"मग दुसरं कुणी विचारील."

"विचारू दे. पण मग बेट कुणी घालवलं, हे मी बाहेर पायऱ्यांवर उभी राहून सांगेन. नावासकट."

डंकनने पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, "तुझं खातं मला काढून घ्यावं लागेल, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"एवढ्याशा पक्ष्यांसाठी?"

यावर तिला पुष्कळ बोलता आलं असतं. पण डंकनसमोर रडायचं नाही एवढं तिने ठरवलं होतं. ती बाहेर आली, जिन्यात कुणी नाही असं बघून खाली बसली आणि पोटभर रडली. पक्ष्यांसाठी नव्हे, पदासाठीच. खोटं कशाला सांगायचं? फार प्रिय होतं तिला ते.

डोळे पुसत होती तेव्हा फोन वाजला. मागे वारा घोंगावत होता.

"काय गं, विचारलंस का?" एरुएरा ओरडून बोलत होता. "इथे रेडिओ नुसता खरखरतोय, काही कळलं नाही."

"विचारलं."

"मग? काय म्हणाला तो?"

"होय म्हणाला. या हिवाळ्यात राहायचं तुम्ही. पुढच्याही."

पलीकडे तो बायकोला काहीतरी सांगत होता. बाई मोठ्याने हसली, मग रडली असावी. एरुएरा पुन्हा फोनवर आला तेव्हा त्याचाही आवाज ओला होता.

"भला पोरगा दिसतो गं. आपण उगीच नावं ठेवत होतो. ऐक, तू विरोधातली, तुला बोलावं लागतं, ते कळतं मला. पण आता त्याला फार छळू नकोस हं."

"नाही छळणार," लिनेट म्हणाली.