तिसरा वाकडा काप

ज्ञानेश्वरीला पेटंट या शब्दाचा वीट आला होता, आणि पोट त्याच शब्दावर चालत होतं. परभणीतल्या घरी बसून पुण्याच्या एका फर्मसाठी ती एकच काम करायची. कुणी म्हणालं मी नवा शोध लावला, की तो खरंच नवा आहे का ते तपासायचं. कधीच नसायचा. एकानं चुलीला चाकं लावून आणली होती. एकानं छत्रीत पंखा बसवला होता. पंखा लावला की छत्री उलटी व्हायची. ती तपासली तर जपानमध्ये कुणीतरी आधीच उलटी करून बसलेला. 'नाही' लिहून लिहून बाईच्या कीबोर्डवरचा न पुसट झाला होता.

अशात पालमच्या पलीकडल्या खेड्यातला मोबाईल दुरुस्तीवाला गोपीचंद अँटेना घेऊन आला.

तळहाताएवढा तांब्याचा पत्रा, त्यात तीन काप. एका कापानं फोनची रेंज, दुसऱ्यानं नेट, तिसऱ्यानं वायफाय. एकाच पत्र्यावर असे दोन-चार बँड धरणारे अँटेने जगात ढिगानं पडलेत, पण त्यांचे काप सरळ, नाहीतर काटकोनात. गोपीचंदचा तिसरा काप कोयत्यासारखा वाकडा होता, आणि त्यामुळं तिन्ही बँड एकमेकांच्या पायात पाय घालत नव्हते.

"हे सुचलं कसं?" ज्ञानेश्वरीनं विचारलं.

"सुचलं कुठलं म्याडम. कापायलो व्हतो, मागून बायकू कुसुम म्हनली चहा घ्या. हात वळला."

तिनं अमेरिका धुंडाळली, कोरिया, चीन धुंडाळलं. असला वाकडेपणा कुणी केलेला नव्हता, आणि जाणकाराला सहज सुचावा असाही नव्हता. अहवालात पहिल्यांदाच तिनं 'होय' लिहिलं. पेटंट झालं तर पुण्यातली एक कंपनी हे डिझाईन घ्यायला तयार होती. गोपीचंदचं नशीबच उघडणार होतं.

"एकच पथ्य पाळा," तिनं बजावलं. "अर्ज जाईपर्यंत हे कुणाला दाखवायचं नाही. चारचौघांत उघडं पडलं की ते नवं राहत नाही. मग ब्रह्मदेव आला तरी पेटंट मिळत नाही."

"आईशप्पथ म्याडम."

शनिवारी ती सह्या घ्यायला एसटीनं निघाली. फाट्यावर उतरून गावात शिरली, तर पारावर फ्लेक्स. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीएवढा. 'आंतरराष्ट्रीय पेटंट मिळाल्याबद्दल गोपीचंदभाऊंचे हार्दिक अभिनंदन!' गॉगल घातलेला गोपीचंद, त्याच्या शेजारी अँटेन्याचा नकाशा, मिलिमीटरसकट. आणि भोवती शुभेच्छुकांची तोंडं, आठवडी बाजारात मांडलेल्या टमाट्यासारखी.

ज्ञानेश्वरी पारावर बसलीच. गोपीचंद पळत आला.

"हे काय आहे?"

"फ्लेक्स."

"मी काय सांगितलं होतं?"

"दाखवू नगा म्हून. म्या कुठं दाखवलं? नकाशा टेबलावर व्हता, पोरांनी फोटो काढला. आन म्याडम, फ्लेक्स वाचतंय कोन? आपलं तोंड कुठं हाय तेवढं बघत्यात."

"पेटंट मिळालं लिहिलंय. अजून अर्जसुद्धा गेला नाही!"

"मिळाल्यावर लावलं तर त्यात काय कवतिक? इथं तिकिटाच्या आधी आमदार व्हत्यात लोकं."

तिनं खुर्ची मागवली, वर चढली आणि फ्लेक्स वाचायला लागली. तो वाचणारी गावातली ती पहिलीच असावी. पहिला काप दिसत होता. दुसराही. तिसऱ्याच्या जागी मात्र एक थोरलं तोंड होतं. फेटा, गॉगल, मिशा, खाली 'आधारस्तंभ'. माजी सरपंच किशनराव. माझा फोटो सगळ्यात मोठा पायजे म्हणून त्यांनी फ्लेक्सवाल्याला दम दिला होता, त्यानं जागा सापडेल तिथं बसवला.

आयुष्यात तिनं पुष्कळ नकाशे मोजले होते, मिशी पहिल्यांदाच मोजली. वाकडा काप त्या मिशीच्या टोकापर्यंत पार झाकला होता. आणि तो नसला, तर उरतो तो साधाच अँटेना.

"वाचलात," ती खाली उतरत म्हणाली. "किशनरावांच्या तोंडानं वाचवलं तुम्हाला."

हे तिनं पारावर बोलायला नको होतं. कुसुमबाईचा चहा यायच्या आत किशनराव आले.

"म्याडम, माझ्यामुळं पेटंट वाचलं म्हनं."

"एका अर्थानं."

"मंग अर्जात नाव पायजे. शोध लावनारा म्हून. गोप्याच्या खाली टाकलं तरी चालंल. शेजारी असलं तर बरं."

"तात्या, तुमी ह्याच्यात काय केलं?" गोपीचंद भडकला.

"झाकलं की! तू तर उघडंच टाकलं व्हतंस."

झाकणं म्हणजे शोध लावणं नव्हे, हे ज्ञानेश्वरीनं दोनदा समजावलं. "कायदे बदलत असत्यात," असं म्हणून तात्या फेटा सावरत गेले. तिनं सह्या घेतल्या, फ्लेक्स उतरवायला लावला, आणि गोपीचंदला हात जोडले. "सोमवारी अर्ज जातो. तोवर तोंडाला कुलूप."

रविवारी सकाळी फोन आला.

"म्याडम, तात्याची बोलती बंद केली!"

तिनं डोळे मिटले. "काय केलंत?"

"काल तुमी गेल्यावर पारावर समद्यांसमोर म्हनले, गोप्याला काय येतंय, कुन्या इंजिनियराकडून इकत आनलंय. आता हे आयकून घ्यावं का? पन म्या तोंड उघडलं न्हाई, तुमची शपथ. शाळेतून फळा आनला आन समदं काढून दाखवलं. मापासकट. मंग पत्रा कापून, जोडून, रेंज आनून दाखवली. टाळ्या पडल्या म्याडम! आमच्या पोरीनं, पिंकीनं लाईव्ह केलंय, बघा की."

तिनं बघितलं. धंदाच तो. तिसरा काप लख्ख दिसत होता, वळण, रुंदी, सगळं. व्हिडिओ कुठंही अडकला नव्हता, कारण तो त्याच अँटेन्यावरून गेला होता. खाली मानवत गावच्या कुणीतरी विचारलं होतं, काप किती रुंद? गोपीचंदनं स्वतः उत्तर दिलं होतं, वर हात जोडल्याचं चित्र.

"गोपीचंदराव, आता हे नवं राहिलं नाही."

"कालच तर केलंय."

"काल केलं म्हणूनच. अर्जाच्या आधी जगानं बघितलं."

"अर्ज उद्याच हाय की. एका दिसानं काय व्हतंय?"

"सगळं होतं."

बोलता बोलता तिनं अहवाल उघडला, 'होय' खोडलं. फोनमधून करकर आवाज येत होता.

"कशाचा आवाज आहे?"

"लोकं आल्यात दुकानात," गोपीचंद बारीक आवाजात म्हणाला. "ज्येनं त्येनं पत्रा आनलाय. तिसरा काप कुनाला जमना गेला. हाताला धरून शिकवावं लागायलंय." मग म्हणाला, "तात्या बी आल्यात पत्रा घिऊन."

"त्यांना सरळच कापून द्या," ज्ञानेश्वरी म्हणाली, आणि फोन ठेवला.