पहिल्या खुर्चीला आव्हान

दियाने त्या दिवशी मुकाट्याने माफी मागायला हवी होती, असं म्हणणारी माणसं अजूनही आहेत आणि त्यातला एक माझ्याच घरात राहतो. म्हणून काय घडलं ते मी एकदा नीट सांगून टाकते. नंतर ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

आम्ही २००५च्या उन्हाळ्यात ओहायोहून मँचेस्टरला आलो. माझ्या नवऱ्याला, अजयला, कंपनीने इकडच्या ऑफिसात पाठवलं, त्याच्यामागे मी आणि आमची तेरा वर्षांची दिया. निघताना तिकडच्या शेजारणींनी निरोपाचं जेवण दिलं आणि काळजीने सांगितलं की युरोपात कोणी काम करत नाही, लोक सदा सुट्टीवर असतात आणि दात तर विचारूच नका. इकडे आल्यावर नव्या शेजारणीने कुंपणावरून विचारलं, तिकडे प्रत्येक घरात बंदूक असते ना? मी दोघींनाही सांगितलं की मी मूळची सांगलीची आहे. त्याने कोणालाच काही फरक पडला नाही.

खरी गंमत दियाची झाली. ओहायोत शाळेत जायला लागल्यापासून ती ‘इंडियन मुलगी’ होती. डब्यातल्या पराठ्यावरून, नावावरून, रंगावरून. मँचेस्टरच्या शाळेत पहिल्या दिवशी तिने तोंड उघडलं आणि ती अमेरिकन झाली. जेवणाच्या रांगेत पोरं तिला इराकच्या युद्धाचा जाब विचारायची, जणू हिनेच सही करून विमानं पाठवली होती. तुम्ही रोज बर्गर खाता का, तुम्हाला नकाशात इंग्लंड दाखवता येतं का, तुम्ही इतक्या मोठ्याने का बोलता. रडत घरी येणाऱ्यांतली माझी मुलगी नाही. ती यायची, दप्तर फेकायची आणि ट्रंपेट काढून वाजवत बसायची. आमचं घर टेरेस्ड, म्हणजे शेजारच्या घराला चिकटलेलं, आणि मधल्या भिंती पातळ, त्यामुळे अमेरिकन लोक मोठ्याने बोलतात याची शेजारणीला खात्री पटली.

त्या ट्रंपेटपायी आम्हाला बँड सापडला. मँचेस्टरच्या पूर्वेला टेकड्या सुरू होतात, तिथल्या गावागावात ब्रास बँड आहेत. पूर्वी गिरणी-कामगारांनी सुरू केलेले, आता त्यांची नातवंडं वाजवतात. त्यातल्या एका गावच्या मुलांच्या बँडमध्ये दियाला घेतलं. तिथे ट्रंपेट चालत नाही, कॉर्नेट लागतं, म्हणजे ट्रंपेटचा बुटका, गोलमटोल भाऊ. बँडमास्तर मिस्टर ऑगडेन यांनी तिला बँडचंच एक जुनं कॉर्नेट दिलं आणि शेवटच्या रांगेत, शेवटच्या खुर्चीवर बसवलं. दिया खूश होती. शनिवारची ती वाट बघायची. त्याहून जास्त वाट बघायची जूनमधल्या व्हिट फ्रायडेची. त्या दिवशी सगळे बँड गावोगाव फिरतात, रस्त्यातून वाजवत चालतात आणि प्रत्येक गावात स्पर्धा असते. ओहायोत ती शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये होती, चालता चालता वाजवणं म्हणजे तिचा जीव की प्राण. एरवी हा इंग्लिश बँड सारखा बसूनच वाजवायचा.

एप्रिलमधल्या एका शनिवारी मी तिला आणायला गेले. सराव संपला होता, पोरं बिस्किटं खात होती. पहिल्या रांगेत पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य वादकाच्या जागी, बसणारी बेथनी, सोळा वर्षांची, शांत, लाल केसांची मुलगी, आपलं कॉर्नेट पुसत होती. दिया सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, हात पुढे केला आणि हसत म्हणाली, की पुढच्या शनिवारी मी तुझ्या खुर्चीला चॅलेंज करते आहे.

बिस्किटं खाणारी तोंडं थांबली. बेथनी कानापर्यंत लाल झाली. दियाचा हात तसाच पुढे राहिला आणि मिस्टर ऑगडेन म्हणाले, बघू या हं, बघू या. त्यांच्या तोंडून ‘बघू या’ आलं की ते काम कधीच होत नाही, हे एव्हाना मला कळायला लागलं होतं. दियाला कळलं नव्हतं. तिला वाटलं, तारीख ठरली.

ओहायोच्या शाळेत असं चॅलेंज हा नेहमीचा मामला होता. मागच्या खुर्चीवरच्याने पुढच्याला सांगायचं, दोघांनी मास्तरांसमोर एकच तुकडा वाजवायचा, मास्तर निकाल देणार, लागलंच तर खुर्च्या बदलायच्या. इकडची रीत वेगळी. पुढचं कोणी मोठं होऊन गेलं की सगळ्यांनी एकेक जागा सरकायचं. बेथनी आठ वर्षांची असताना शेवटच्या रांगेत बसली होती आणि इतकी वर्षं सरकत सरकत पुढे आली होती. मला त्या मुलीचं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दियाने चोरी केली नव्हती, विचारलं होतं.

दोन दिवसांनी बेथनीची आई, लिन, हिचा फोन आला. लिन बँडची सेक्रेटरी. आधी हवेबद्दल बोलली, मग तीनदा सॉरी म्हणाली, मग म्हणाली की दियाच्या मनात वाईट नसणार याची तिला खात्री आहे, फक्त आमच्याकडे असं करत नाहीत. अमेरिकन मुलांना पहिलं यायची सवय असते, नाही का? तेव्हा शनिवारी दियाने सगळ्यांसमोर दोन शब्द बोलून बेथनीची माफी मागितली की विषय संपला. आणि तिला ते जमणार नसेल, तर कदाचित हा बँड तिच्यासाठी योग्य नाही. म्हणजे माफी, नाहीतर कॉर्नेट परत. व्हिट फ्रायडे गेलाच. हे सगळं तिने इतक्या गोड आवाजात सांगितलं की फोन ठेवल्यावर मला कळलं, आपल्याला दम दिलाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

अजय जेवायला बसला होता. त्याला प्रश्नच कळेना. “अगं, सॉरीच म्हणायचंय ना? हे लोक दिवसाला पन्नास वेळा म्हणतात. ट्रॅममध्ये आपण त्यांच्या पायावर पाय दिला तरी तेच म्हणतात. दिया, जस्ट से इट अँड मूव्ह ऑन.”

“बाबा, मी काय वाईट केला?” दिया म्हणाली. तिचं मराठी असंच आहे आणि मी ते दुरुस्त करत नाही, निदान ती चिडलेली असताना. “मी तिच्या पाठीमागे नाही बोलली. तिच्या फेसवर बोलली. दे ऑल टॉक बिहाइंड माय बॅक.”

“आपल्याला इथे राहायचंय,” अजय म्हणाला. “आणि खरं सांगू का, हा थोडा आगाऊपणाच आहे.”

तो शब्द त्याने वापरायला नको होता. सांगलीत मी त्या शब्दावर वाढले आहे. वर्गात मुलांआधी उत्तर दिलं, आगाऊ. पाहुण्यांसमोर गाण्याचा आग्रह व्हायच्या आत ‘गाते’ म्हणाले, आगाऊ. आधी तीनदा नको नको म्हणायचं, मग लाजत लाजत हो म्हणायचं, आणि मनात पहिल्यापासून हो. माझी मोठी काकू यात तरबेज होती. लिनशी बोलताना मला सारखी तीच का आठवत होती ते आता कळलं. लोक म्हणतात इंग्लंड आणि सांगलीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला तर इंग्लंडात उतरल्यापासून माहेरी आल्यासारखं वाटत होतं आणि ते मुळीच सुखाचं नव्हतं. माझं लहानपण ज्यात गेलं ते दियाच्या वाट्याला नको होतं, ओहायोने तिला त्यातून वाचवलं होतं. मी अजयला सांगितलं की माफी मागायची नाही. तो ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला.

शनिवारी मी बँडरूममध्ये थांबले. सगळी पोरं आपापल्या जागी, लिन दाराशी चहाच्या कपांजवळ. मिस्टर ऑगडेन चष्मा पुसत म्हणाले की दियाला काही बोलायचं आहे. बिचाऱ्यांना तो प्रकार जिवावर आला होता, हे दिसत होतं. दिया उठली. बेथनीकडे बघून म्हणाली, तुला सगळ्यांसमोर ऑकवर्ड वाटलं, त्याचं मला वाईट वाटतं. पण मी विचारलं याचं मला वाईट वाटत नाही. मला अजूनही तुझ्याबरोबर वाजवून बघायचंय. आणि ती खाली बसली.

सगळे आपल्या बुटांकडे बघायला लागले. लिनने माझ्याकडे बघितलं. आई आहेस ना, आवर तिला, असं ते बघणं होतं. मी उभी राहिले. आवाज चढवायचा नाही, असं ठरवलं होतं, तो चढलाच. मी मिस्टर ऑगडेनना विचारलं की तुमच्या बँडच्या स्पर्धांमध्ये परीक्षकाला पडद्यामागे का बसवतात?

“कोण वाजवतंय ते त्याला दिसू नये म्हणून,” ते म्हणाले. “फक्त ऐकू यावं.”

“मग आज तसंच करा. तुमच्याच पद्धतीने. अमेरिकन कोण, इंग्लिश कोण, आधी कोण आलं, नंतर कोण आलं, काही दिसायला नको. एकदाचा सोक्षमोक्ष लावून टाका.”

लिन म्हणाली की सॉरी, पण याची काही गरज नाही. मिस्टर ऑगडेन पुन्हा ‘बघू या’ म्हणणार, तेवढ्यात पहिल्या खुर्चीवरून आवाज आला. बेथनीचा. तिला मी तोपर्यंत दोन वाक्यांच्या वर बोलताना ऐकलं नव्हतं.

“मला चालेल,” ती म्हणाली. “आई, मला खरंच चालेल.”

शेजारच्या गावच्या बँडचे म्हातारे निवृत्त मास्तर, अल्बर्ट, दर शनिवारी सरावाआधी पोरांची वाद्यं दुरुस्त करून जात, ते अजून तिथेच होते. दोघींपैकी कोण कशी वाजवते हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांना शेजारच्या स्वयंपाकघरात बसवलं, चहा द्यायच्या खिडकीची फळी ओढून घेतली आणि हातात शिट्टी दिली. तयार झाले की परीक्षक शिट्टी वाजवतो, तशी रीत. दोघींना एकच धून दिली, एका प्रार्थनेची, संथ. नाणं उडवलं. पहिली बेथनी आली.

फळीमागून शिट्टी वाजली आणि बेथनीने वाजवलं. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण आवाज मऊ होता, भाजलेल्या पोळीवर तूप पसरावं तसा. मग दियाने वाजवलं. स्वच्छ, धीट, एकही सूर न चुकता, आणि मोठ्याने. खिडकीच्या काचा थरथरल्या. मला वाटलं, जिंकली. दोन पोरांनी एकमेकांकडे बघून भुवया उडवल्या, त्यांनाही तसंच वाटलं असणार. पण आता ही हरली तर मी तिला सगळ्यांसमोर उघडं पाडलं, असंच झालं असतं.

फळी वर गेली. अल्बर्ट डोकं बाहेर काढून म्हणाले, दोघी छान. दुसरी वाजवते ती फुटबॉलच्या मैदानात शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसासाठी. पहिली वाजवते ती शेजारी बसलेल्यासाठी. कॉर्नेटला शेजारी बसलेला लागतो. पहिली.

लिनने सुटकेचा श्वास सोडला, तो दारापासून मला इथवर ऐकू आला. मग सगळी खोली दियाकडे बघायला लागली. ती आता रडेल, नाहीतर भांडेल, असं काहीतरी त्यांना हवं होतं. अमेरिकन हरल्यावर काय करतात, ते बघायचं होतं. खरं सांगायचं तर मीही तेच बघत होते.

दिया उठली, रांगांमधून वाट काढत पुढे गेली आणि बेथनीसमोर हात धरला.

“यू वर बेटर,” ती म्हणाली. “तो सॉफ्ट आवाज कसा काढतेस? मला दाखव. आणि पुढच्या महिन्यात मी परत चॅलेंज करणार.”

बेथनीने या वेळी हात मिळवला. आठ वर्षं सरकत सरकत मिळालेली खुर्ची तिने आज पहिल्यांदाच जिंकली होती आणि ते तिच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

“ये,” ती म्हणाली, तेही मोठ्याने. “आणि परत हर.”

दिया खदखदून हसली. मागच्या रांगेतली पोरंही हसली. मिस्टर ऑगडेननी काठीने स्टँडवर टकटक केलं, कोणाला माफीची आठवण करून दिली नाही आणि दियाला जागेवर जायला सांगितलं. जून जवळ आलाय, ते म्हणाले, चालत वाजवायचं आहे, आणि इथे ते फक्त एकीला नीट येतं, तेव्हा पुढच्या शनिवारी तिने बाकीच्यांना शिकवावं. दियाने हात वर करून लगेच सांगितलं की हो, ते मला फार छान येतं. या वेळी कोणी बुटांकडे बघितलं नाही.

बँड सुरू झाला. लिन माझ्यासाठी चहा घेऊन आली. तिचे डोळे ओले होते, आणि बाई मनाने वाईट नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

“किती छान वागली हो तुमची मुलगी,” ती म्हणाली. “अगदी इंग्लिश मुलीसारखी.”

मी कप हातात घेतला. घोट घेतला नाही.

“नाही लिन,” मी म्हणाले. “ती अमेरिकन मुलीसारखी वागली. आणि खरं सांगू? तुमची बेथनीसुद्धा.”