पाहुण्याचं ताट

“डुकराचं मटण पुढे ठेवलं की उदबत्ती विझायची,” ओंग आजी सांगत होती. “एकदा नव्हे, तीनदा. वारा म्हणशील, तर पानसुद्धा हलत नव्हतं.”

वार्तिनी उंबऱ्याबाहेरच उभी होती. पूर्व तैवानच्या या बंदरात जाळ्यातून माणसाची हाडं आली, तर कोळी ती पुन्हा पाण्यात टाकत नाहीत. या एका खोलीच्या देवळात आणून ठेवतात. फळीवर एकवीस मडकी होती. नाव कशावरच नव्हतं. शेवटच्या मडक्यासमोर भात आणि तळलेलं अंडं होतं.

वार्तिनी तैपेईत एका लुळ्या म्हाताऱ्याची शुश्रूषा करायची. सात वर्षांत इथली भाषा तिला त्यानेच शिकवली, बरीचशी शिव्यांतून. तिचा धाकटा भाऊ कास्मान इथल्याच एका बोटीवर खलाशी होता. चार वर्षांपूर्वी समुद्रात पडला, सापडला नाही. जावातल्या घरी आई त्याच्या नावाची प्रार्थना होऊ देत नव्हती. “आधी कुठे आहे ते सांग, मग रडेन,” एवढंच फोनवर म्हणायची. बंदरावरची एक म्हातारी डुकराचं न खाणाऱ्या मृताचं घर शोधतेय, असं कानावर आलं, म्हणून वार्तिनी सुट्टी घेऊन आली होती.

“मग स्वप्नात आला. दारात उभा, अंगावरून पाणी गळतंय. म्हटलं, ये की आत! तर नाकाला सदरा लावून तसाच. असला नखरेल पाहुणा मी पाहिला नाही बाई.”

“आमच्यात कुणीच डुकराचं खात नाही, आजी. अर्ध्या बोटींवर आमचीच माणसं. कुणीही असेल तो.”

“ऐक तर! मी कौल लावला.” आजीने दोन लाल लाकडी चंद्रकोरी दाखवल्या, एक उताणी, एक पालथी पडली की होकार. “अंडं? हो म्हणाला. मासा? नाही. पुन्हा टाकल्या, नाही. तिसऱ्यांदा मी चिडलेच. म्हटलं, मेल्या, बोटीवर राबलास आणि मासा नको?”

वार्तिनी उंबऱ्यावर बसली.

“वासानंच ओकायचा,” ती म्हणाली. “लहानपणापासून. बोटीवर निघाला तेव्हा आई किती हसली होती.”

याला पुरावा म्हणत नाहीत, हे तिला कळत होतं. तिने आत जाऊन मडक्याला हात लावला. बाहेर दुपारचं रखरखीत ऊन होतं. मडकं गार होतं, आणि ओलं.

“तुम्ही इतके दिवस रोज ताट ठेवलंत?”

“माझे हे आफ्रिकेकडच्या समुद्रात राहिले. तिकडे कुणीतरी ठेवत असेल, असं धरून चालते.” आजी उदबत्तीची राख झटकू लागली. “नाव काय गं त्याचं?”

“कास्मान.”

आजीने ते दोनदा तोंडात घोळवलं.

पुढच्या रविवारी दफनासाठी मशिदीची गाडी आली. गल्ली अरुंद, म्हणून पुलापलीकडे थांबली. वार्तिनी मडकं छातीशी धरून निघाली. आजी पुढे चालत होती.

“मेलेल्याला पूल दिसत नाही. सांगावं लागतं,” आजी म्हणाली आणि मोठ्याने हाक मारली, “कास्मान, पूल आला! मागोमाग ये, घाबरू नकोस!”

पलीकडच्या टोकाला आजी कडेला सरली. वार्तिनी पुढे गेली, तरी ती जागची हलली नाही. पुलाकडे हात पुढे करून उभी राहिली.

“हळू, हळू. हां, आलास.”

वार्तिनीने मागे पाहिलं नाही. गाडीत चढल्यावर मात्र ती शेजारी एकाची जागा सोडून खिडकीकडे सरकून बसली.