दूर राहा म्हणणारा दिवा

नव्वदाव्या पायरीवर रुपीबाईने चक्क बैठक मारली. फुलसावंगी, पुसद, मुंबई, मग पुन्हा एक एसटी आणि शेवटी होडी, एवढं सगळं तिने मुकाट्याने सोसलं होतं. पण बेटावरच्या या इंग्रजांच्या वेळच्या दीपगृहाचा जिना काही केल्या संपेना, तेव्हा मात्र तिचं डोकं फिरलं.

"याडी, उठ. वीसच राह्यल्या," नेमसिंग म्हणाला.

"आईले चढवायले बरी जागा धुंडली तुनं."

तो हसला नाही. तिच्या कोपराला आधार देऊन वर नेऊ लागला.

तीन वर्षांपूर्वी तो पुसदला बियाण्याच्या दुकानात होता. नव्या कपाशीच्या पिशव्या त्यानेच आपल्या बंजारा तांड्यात घरोघर पोचवल्या, स्वतः छातीठोक सांगून. पऱ्हाटी कमरेच्या वर गेली, बोंडं काही धरली नाहीत. तांड्यात कोणी त्याला शिवी दिली नाही की जाब विचारला नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही. दिवाळीआधी गेला, इथे दिव्याच्या कामाला लागला, तो फिरकलाच नाही. आता या मे महिन्यात रुपीबाई त्याला न्यायला आली होती. एकटी परतणार नाही, असं घरी बजावून.

वर माणसाच्या उंचीची भिंगं होती. रुपीबाईने सवयीने हात जोडले.

"हा दिवा जहाजायले बोलावते का?"

"नाई. खाली सारा खडक हाय. इकडं येऊ नका, दूर राहा, असं म्हणते."

"रोज?"

"रोज. मी काच पुसतो म्हणून त्यायले लांबून दिसते." त्याने फडकं हातात घेतलं. "इथं वेळेवर सांगता येते, याडी. म्हणून इथं बरं वाटते मले. तिकडं तोंड दाखवायची लाज वाटते."

 होडीत घोकून ठेवलेलं सगळं बोलणं रुपीबाईने गिळलं. वाऱ्याने उडणारा पदर डोक्यावर नीट घेतला.

"जबरदस्ती नाई करत," ती म्हणाली. "पण एक निरोप हाय, तेवढा ऐक. तांड्यातल्या लोकायनं पाठवला. यंदा कोणतं बी घ्यावं, ते नेमसिंगाले विचारून ये म्हणे."

"मले?"

"तुलेच. तो आता दहादा पाहून सांगन, म्हणे."

नेमसिंगचं फडकं थांबलं. मग पुन्हा फिरू लागलं, पुसून झालेल्या जागेवरूनच.  खालून होडीवाल्याने हाक दिली, तरी दोघंही हलली नाहीत.

"याडी," तो काचेकडेच पाहत म्हणाला, "पेरणीआधीची वखरणी झाली का साऱ्यायची?"