सत्त्याऐंशी नंबर गप्प असतो

चार मजले. दुखरा गुडघा. लसींचा फ्रिज. निवलेला चहा. बावीस ओळी.

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. म्हणजे संगणकाला ओळीने कामे सांगणारी चिठ्ठी. मुलांच्या दवाखान्यात कुठकुठले संगणक चालू आहेत हे पाहायला आमच्या तंत्रज्ञ बाई रोज जिने चढत. शेवटी गुडघ्यानेच हात टेकले, तेव्हा त्यांनी मला लिहिले.

नेटवर्कवर एक ते दोनशे चौपन्न अशी दारे होती. मी प्रत्येक दारावर टकटक करी, "आहेस का?" म्हणून विचारी आणि सेकंदभर थांबे. ओ देणाऱ्याचा नंबर यादीत लिहून पुढे जाई.

"बघा, माझी लेक न दमता सगळं घर फिरून आली!" बाई परिचारिकांना सांगत. काय दिवस होते ते!

माझ्या पोटात काही ओळी फक्त माणसांसाठी होत्या. संगणक त्या ओलांडून जातो. त्यांतली एक अशी: '८७ म्हणजे लसींच्या फ्रिजवरचा छोटा संगणक. मुद्दाम गप्प ठेवलाय. फ्रिज तापला की सिस्टरच्या टेबलावरची घंटा वाजवतो. तार काढू नका.'

बाई निवृत्त झाल्या. नव्या तंत्रज्ञाने मला सुटसुटीत करताना त्या ओळी पुसल्या. मग माझी यादी घेऊन तो तारांच्या कपाटापाशी गेला आणि यादीत नसलेल्यांच्या तारा उपटत सुटला. मी काय करणार? मला फक्त विचारता येते.

त्याच दुपारी फ्रिजचे दार नीट लागले नाही. घंटा वाजलीच नाही. परिचारिकेने पाहिले तेव्हा लसी कोमट झाल्या होत्या.

"अहो, ह्याची तार कोणी काढली?"

"यादीत नव्हता तो, सिस्टर."

"यादीत नव्हता म्हणजे मेला का? बाहेर चाळीस पोरं बसलीत. त्यांच्या आयांना काय सांगू, तुमची यादी दाखवू?"

त्याने घाबरत बाईंना फोन लावला.

"माझ्या ओळी वाचल्या नाहीस?"

"कामाच्या नव्हत्या, मॅडम. काढल्या."

"संगणकाच्या कामाच्या नव्हत्या रे बाळा. तुझ्या होत्या."

ती चाळीस मुले लस न घेताच परतली. संध्याकाळी बाई फोनवर सांगत गेल्या, तो लिहीत गेला. त्यांचे शब्द पुन्हा माझ्यात उतरले.

मित्रांनो, जुने जरूर बदला. पण आधी एकदा शेवटपर्यंत वाचा. आणि कोणी ओ दिली नाही, तर स्वतः जाऊन पाहा.

मला लिहिले त्या दिवशी बाई गुडघ्यापायी रजेवर होत्या; घरी बसून त्यांनी माझ्या बावीस ओळी लिहिल्या, आणि शेजारचा चहा निवून गेला.