पुढची फीत त्याची

मित्रांनो, टेबल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे अभ्यासाचं नाहीतर जेवणाचं टेबल येईल. मी त्या जातकुळीतला नाही. मी सिनेमा जोडायचं एक जुनं टेबल आहे. माझ्या पाठीवर ताटाएवढ्या सहा तबकड्या आहेत, मधोमध छोटी काच आहे आणि उजव्या अंगाला एक मूठ आहे. पूर्वी सिनेमा लांबलचक फितीवर असायचा. एका फितीवर चित्र, दुसरीवर आवाज. दोन्ही फिती माझ्या चाकांमधून बरोबरीनं धावल्या की काचेवर माणसं चालू-बोलू लागत. मूठ पुढे ढकलली की गोष्ट पुढे जायची, मागे ओढली की मागे. मागे जाताना रडणाऱ्याचे अश्रू पुन्हा डोळ्यांत चढायचे.

कारखान्यात एका म्हाताऱ्या फिटरनं माझी चाकं बसवली. प्रत्येक चाक तो बोटानं फिरवायचा, कान लावून ऐकायचा आणि जरा कुरकुरलं की काढून टाकायचा. त्याच्या त्या कानामुळेच मी इतकी वर्षं टिकलो. आधी मी एका मोठ्या स्टुडिओत होतो. तिथे साबणाच्या आणि पंख्यांच्या जाहिराती माझ्यावरून गेल्या. मग नवी यंत्रं आली आणि मला विकायला काढलं.

मला विकत घेतलं ते एका नवरा-बायकोनं. तो सिनेमा दिग्दर्शित करायचा, ती जोडायची. सगळे तिला बाई आणि त्याला साहेब म्हणत, म्हणून मीही तसंच म्हणतो. मला त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत न्यायला चार हमाल लागले. दारातून मी आत जाईना, तेव्हा दाराची चौकटच काढावी लागली. शेजारच्या काकू जिन्यात येऊन म्हणाल्या, "अगं, एवढं काय आणलंस? कपाट का?"

"कपाट नाही काकू, सवत आणलीय," बाई म्हणाल्या. "आता हे मला कमी आणि हिलाच जास्त बघणार."

झालं मात्र उलटं. बाईच दिवसभर माझ्यापुढे बसायच्या. हातात पांढरे सुती मोजे, गळ्यात दोन-तीन फिती, केसांत खोचलेली पेन्सिल. साहेब शेजारच्या स्टुलावर बसून शेंगदाणे खायचे आणि टरफलं माझ्यावर सांडली की बोलणी खायचे. रोज संध्याकाळी काम आटपलं की बाई माझी काच पुसायच्या, चाकांना तेलाचा एकेक थेंब द्यायच्या. त्या दोघांना मूलबाळ नव्हतं. घरात आवाज असायचा तो त्यांच्या भांडणाचा, हसण्याचा आणि माझ्या चाकांचा.

त्या खोलीत मी बरेच सिनेमे जोडले. पण मला आठवतो तो एकच. त्यांनी स्वतःच्या हिमतीवर, कुणा शेठजीच्या पाया न पडता केलेला पहिला सिनेमा. गोष्ट साधी होती. शाळेत जाणारी एक मुलगी आणि एक बिघडलेला म्हणून बदनाम असलेला मुलगा. दोघांचं ते पहिलं प्रेम. मुलीचं काम करणारी पोर चष्मा लावायची, म्हणून ती 'चष्मेवाली'. मुलाचं काम करणारा साहेबांना एका गॅरेजबाहेर मारामारी करताना सापडला होता. त्याचे वडील घर सोडून गेलेले, काकाकडे राहायचा, रोज कुणाशी तरी बिनसायचं. राग कायम नाकावर. सिनेमाच्या मंडळींनी त्याचं नाव ठेवलं 'ठिणगी'.

कॅमेरा बाईंचा धाकटा भाऊ चालवायचा. त्याला सगळे मामा म्हणत. मामाला एक खोड होती. साहेब 'कट' म्हणाले तरी तो कॅमेरा लगेच बंद करायचा नाही. त्याचं म्हणणं, माणूस खरा दिसतो तो कट म्हटल्यावर. फीत महाग, त्यामुळे साहेबांचा जीव तुटायचा.

"फीत काय तुझ्या बापाची आहे?" एकदा ते ओरडले.

"हो भाऊजी, त्यांचीच. तुमच्या सासऱ्यांनीच दिलीय ना घेऊन?"

बाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली फीत वाकडी कापली गेली.

चित्रीकरण संपत आलं होतं. शेवटचा प्रसंग तेवढा राहिला होता. मुलगा मुलीला नको नको ते बोलून हाकलून देतो आणि मग तिच्या घराच्या जिन्यावर येऊन तिची माफी मागतो, असा तो शेवट. त्यातलं हाकलणं चित्रित झालं, माफी राहिली. आणि त्याच दिवशी घोटाळा झाला. संध्याकाळी मामा खोलीत आला तो पडलेल्या चेहऱ्यानं.

"ताई, ठिणगी गेला. आता यायचा नाही तो."

"का? पुन्हा कुणाला मारलं का त्यानं?"

"नाही गं. भाऊजींनीच मारलं, पण तोंडानं. तो दोनदा वाक्य चुकला. भाऊजी भडकले. म्हणाले, तुला कसला आलाय अभिनय? तू मुळातच असा वाया गेलेला आहेस, म्हणून तर घेतलं तुला."

साहेब मागेच उभे होते. खाली मान घालून म्हणाले, "जिभेला हाड नाही माझ्या."

बाईंनी माझी मूठ धरली आणि उगाचच एक रिकामी तबकडी फिरवत राहिल्या.

साहेब गॅरेजमध्ये जाऊन आले, काकाच्या घरी जाऊन आले. मुलगा समोर येईना. सिनेमा तयार होता आणि त्याला शेवट नव्हता. शेवट नसलेला सिनेमा दाखवणार कुणाला? साहेबांची झोप उडाली. दोघांनी त्यात सगळं घातलं होतं.

माझ्या बाजूला एका दोरीवर टाकाऊ तुकडे लटकत असायचे. खाली कापडी पिशवी, म्हणजे फिती जमिनीला लागू नयेत. एका दुपारी बाई ते तुकडे एकेक करून माझ्यावर चढवून बघत होत्या. त्यात हाकलण्याच्या प्रसंगानंतरचा तुकडा निघाला. कट झाल्यावरही मामानं चालू ठेवलेला.

चित्रीकरणासाठी निवडलेल्या जिन्यावर मुलगा एकटाच बसतो. कॅमेरा बंद झाला, असं त्याला वाटतंय. कपाळावरचा राग हळूहळू उतरतो. तो शेजारच्या पायरीकडे बघतो. तिच्यावर धूळ आहे. तो शर्टाची बाही पंज्यावर ओढतो आणि ती पायरी पुसतो. नीट, कडेपर्यंत. मग मान वर करून कुणाकडे तरी बघतो.

पुढे आणखी थोडी फीत होती.

बाईंनी ती सगळी पाहिली आणि साहेबांना हाक मारली. साहेबांनी पाहिलं आणि टाळीच वाजवली. "अगं, हाच शेवट! लिहून सुचला नसता असा. जोड, आत्ताच्या आत्ता जोड."

"त्याला विचारल्याशिवाय नाही."

"त्यानं कामाच्या कागदावर सही केलीय."

"कामाच्या ना? हे काम नाही, अहो. हा तो स्वतः आहे."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर नाही."

"मग सिनेमाचं काय?"

कापायचं पातं बाईंच्या हाताशीच होतं. चिकटपट्टीही होती. जोड मारायला त्यांना कितीसा वेळ लागला असता? पण त्यांनी हातातले मोजे काढले, चपला घातल्या आणि त्या स्वतः गॅरेजकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला. हाताला काळं तेल, दारातच उभा. साहेब उठून त्याच्यासमोर गेले. "मी बोललो ते चुकीचं होतं," ते म्हणाले. "खोटंही होतं."

तो म्हणाला, "चहा आहे का?"

साहेब चहा करायला गेले. बाईंनी त्याला आपल्या जागी बसवलं आणि त्याचा हात माझ्या मुठीवर ठेवला. आधी त्याला जुने प्रसंग दाखवले. तो स्वतःला पुढे-मागे पळवू लागला.

"मी असा चालतो? बदकासारखा?"

"त्याहून वाईट," बाई म्हणाल्या. "जोडताना मी सावरून घेतलंय."

तो हसला. मग बाईंनी तो तुकडा चढवला. तो हसायचा थांबला. एकदा पाहिला, मूठ मागे ओढली, पुन्हा पाहिला. शेवटपर्यंत.

"हे चष्मेवालीनं पाहिलंय?"

"नाही. आधी तू."

"सगळे बघणार हे?"

"येतील तेवढे. आमचा सिनेमा आहे बाबा, फार काही येणार नाहीत."

"आणि मी नको म्हटलं तर?"

"तर हा तुकडा तू घेऊन जा. मूळ फितीतूनही मी तो काढून टाकीन."

साहेब चहाचे कप घेऊन दारात थबकले होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुलानं मूठ पुन्हा हळूहळू पुढे नेली. पायरी पुसून झाली, त्यानं मान वर केली, आणि तिथे त्यानं चित्र थांबवलं.

"इथपर्यंत ठेवा," तो म्हणाला. "पुढचं नको."

"का रे?"

"पुढचं माझं आहे."

बाईंनी पेन्सिलीनं फितीवर खूण केली आणि पातं त्याच्याच हातात दिलं. त्यानं श्वास रोखून फीत कापली. एकदम सरळ. राहिलेला तुकडा बाईंनी गुंडाळून एका छोट्या डबीत घातला आणि ती डबी त्याच्या खिशात गेली. मग त्यानं गार झालेला चहा एका घोटात संपवला.

सिनेमा तिथेच संपला. पायरी पुसणारा मुलगा, त्याची वर झालेली नजर आणि मग पांढरा पडदा. छोट्या छोट्या सभागृहांत तो लागला. फार लोक आले नाहीत, पण आलेले लवकर उठले नाहीत. बाहेर पडताना त्यांचा वाद चालायचा, ती मुलगी त्या पायरीवर येऊन बसली असेल की नाही. कुणी म्हणे आली असणार, कुणी म्हणे अशा मुलाजवळ कोण येतं. बाईंना विचारलं की त्या म्हणत, "मी जोडणारी. कापलेल्याचं मला विचारू नका."

पुढे सिनेमा संगणकावर जोडला जाऊ लागला. फिती गेल्या. बाई तरीही अधूनमधून तेल द्यायच्या. मग त्या आजारी पडल्या. दवाखान्यात गेल्या त्या परत आल्याच नाहीत. साहेबांनी माझ्यावर एक चादर टाकली. बरेच दिवस ते या खोलीत येत नसत. आले तरी दारातून बघून जायचे. माझी चाकं जाम झाली. चादरीखालीही काचेवर इतकी धूळ बसली की त्यात मला काहीच दिसेना. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. ज्याच्या घरातली बोलती व्यक्ती जाते, त्याला मुक्या टेबलाशी काय बोलायचं ते कसं कळणार?

मागच्या महिन्यात काही तरुण मुलं-मुली आली. सिनेमा शिकणारी होती. त्यांना तो जुना सिनेमा ठाऊक होता. त्यांच्यासाठी साहेबांनी चादर काढली, काच पुसली, चाकांना तेल दिलं. किती द्यायचं ते त्यांना माहीत नव्हतं, चांगलं घळाघळा ओतलं. मी कुरकुरलो, पण फिरलो.

एका मुलीनं विचारलं, "काका, आता तरी सांगा. ती आली का शेवटी?"

"आमच्या हिला माहीत होतं."

"आणि तुम्हाला?"

"मलाही आहे."

"मग सांगा ना. आता काय होतंय? किती वर्षं झाली!"

साहेबांनी मुठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "हिनं सांगितलं नाही. मी कोण सांगणारा?"

मित्रांनो, मलाही माहीत आहे, आणि मीही सांगणार नाही. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. घरात एखादं जुनं यंत्र असेल, तर त्याला भंगारात घालण्याआधी एकदा फिरवून बघा. थोडंसं तेल द्या, थोडंसंच. आणि कुणी बेसावध असताना त्याचं मन तुम्हाला दिसलं, तर ते चारचौघांत मांडण्याआधी त्याला विचारा. तो नाही म्हणाला, तर हात मागे घ्या. माझ्यावर शेकडो फिती कापल्या गेल्या, जोडल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक मी विसरलो. पण त्या दुपारी बाईंनी पातं उचललं नाही आणि हातातले मोजे काढून ठेवले, ते मी विसरलेलो नाही.